सॉरॉन विरुद्ध वोल्डेमॉर्ट: पैज कोणावर लावायची?

प्रश्न आधी थोडक्यात सांगते. एका नवीन गेम मास्टरला (म्हणजे टेबलावर गोष्टीचा खेळ चालवणाऱ्याला) आपल्या ग्रुपसाठी एका बैठकीत संपेल असा खेळ बसवायचाय, ज्यात लॉर्ड ऑफ द रिंग्जमधला सॉरॉन आणि हॅरी पॉटरमधला वोल्डेमॉर्ट एकाच जगात येतात, दोघांनाही सगळी सत्ता हवी, आणि प्लेअर्स मधल्यामधे अडकलेत. ग्रुपमधे आत्ताच दोन तट पडलेत. अर्धे म्हणतात वोल्डेमॉर्टने एक अवाडा केडाव्रा, म्हणजे जागच्या जागी मारणारा शाप, मारला की विषय संपला, सॉरॉन तर कधी लढतच नाही, नुसता डोळा होऊन मनोऱ्यावर बसतो. उरलेले म्हणतात सॉरॉन जवळपास देव आहे, शाळकरी पोराकडून हरलेला माणूस त्याच्यासमोर काय टिकणार. तर जिंकलं कोणी पाहिजे, आणि ते टेबलावर खरं वाटेल असं दाखवायचं कसं?

उत्तर आधीच देऊन टाकते, सॉरॉन. पण तुझ्या दोन्ही तटांनी दिलेल्या कारणांमुळे नाही. बरीच वर्षं टेबल चालवतेय, व्हिलन बनवणं हे माझं आवडीचं काम आहे, आणि हा सामना मनापासून आवडतो मला, कारण वरवर बघितलं तर ही दोघं सख्खे भाऊ वाटतात. दोघांनी आपला अंश वस्तूत ठेवला, दोघांचं शरीर गेलं आणि दोघं परत आले, दोघांचं नाव घ्यायला लोक घाबरतात (सॉरॉन तर स्वतःच्या नोकरांनाही आपलं नाव लिहू किंवा बोलू देत नाही असं अ‍ॅरागॉर्न सांगतो). आणि तरी आतून ही दोन माणसं, माणसं म्हणायचं तर, एकदम वेगळी आहेत, आणि निकाल त्या फरकात आहे.

आधी तो डोळ्याचा विषय मिटवू. मनोऱ्यावरचा जळता डोळा ही सिनेमाची देणगी. पुस्तकात सॉरॉनला शरीर आहे. गॉलम नावाच्या एका जिवाला सॉरॉनच्या मुलखात, मॉर्डोरमधे, पकडून छळलं होतं, तो सांगतो की त्या काळ्या हाताला चारच बोटं आहेत, कारण पाचवं इसिल्डुर ह्या राजपुत्राने, ज्या अंगठीत सॉरॉनने आपली ताकद ठेवली होती तिच्यासकट कापलेलं. आणि लढायचं म्हणशील तर दुसऱ्या युगाच्या शेवटी त्याच्या मनोऱ्याला, बराड-डूरला, सात वर्षं वेढा पडला होता, तेव्हा शेवटी तो स्वतः बाहेर आला आणि गिल-गालाड आणि एलेंडिल, म्हणजे त्या काळचे एल्फांचे आणि माणसांचे सगळ्यात मोठे राजे, ह्या दोघांशी भिडला. तिघंही पडले. इसिल्डुरने लिहून ठेवलंय की सॉरॉनचा हात काळा होता पण आगीसारखा भाजत होता आणि गिल-गालाड त्यानेच संपला. तेव्हा लढता येत नाही हे काढून टाक डोक्यातून. तो लढायचं टाळतो, आणि ते त्याचं शहाणपण आहे.

आता अवाडा केडाव्रा. ह्या शापाला उलटा मंत्र नाही हे खरं, पण मधे काहीतरी भक्कम आलं तर तो अडतो, १९९६ साली जादू मंत्रालयात हॅरीच्या शाळेचा मुख्याध्यापक डंबलडोर ह्याने पुतळे मधे घालून तेच केलं. आणि तो लागला तर काय होतं ह्याचं सगळ्यात चांगलं वर्णन खुद्द वोल्डेमॉर्टकडेच आहे, कारण १९८१ च्या ऑक्टोबरमधे त्याचाच शाप त्याच्यावर उलटला आणि तो शरीरातून ओरबाडून बाहेर फेकला गेला. माणसासाठी हे भयंकर आहे. पण सॉरॉन मुळात माणूस नाही, तो माइआ आहे, जग बनायच्या आधीपासूनचा आत्मा, शरीर त्याने अंगावर चढवलेलं असतं. माणसांचं नुमेनोर बेट समुद्रात बुडालं तेव्हा त्याचं शरीर बुडालं, आत्मा उठून मॉर्डोरला परत गेला आणि साधारण ११० वर्षांनी त्याने गोंडोर ह्या माणसांच्या राज्यावर सैन्य घातलं. म्हणजे शाप लागला तरी अंगठी शाबूत असेपर्यंत तुला मिळतो फक्त वेळ.

त्यामुळे समोरासमोरची पहिली चकमक मी वोल्डेमॉर्टला देईन, अगदी मोकळ्या मनाने. सॉरॉनच्या जगात कुठला माणूस असं चुटकीसरशी गायब होऊन दुसरीकडे प्रकट होत नाही, कशावर न बसता नुसता उडत नाही. येऊन वार करून निघून जाणारा शत्रू त्याने बघितलेला नाही. वोल्डेमॉर्टने त्याचं शरीर पाडलं असं समज. मग? वोल्डेमॉर्टला वाटेल झालं, जिंकलो. सॉरॉन मात्र अजून आहेच.

आता मुद्द्यावर येते. कुठलाही मोठा व्हिलन टेबलावर आला की मी त्याच्या स्पेलची यादी नंतर बघते, आधी बघते ह्याचा जीव कशात आहे. ही आपल्याला लहानपणापासून माहीत असलेली गोष्ट आहे, राक्षसाचा प्राण सातासमुद्रापलीकडच्या पोपटात, पोपटाची मान मुरगळली की इकडे राक्षस तडफडतो. डंजन्स अँड ड्रॅगन्स ह्या खेळातला लिच, म्हणजे मेलेला पण न संपलेला जादूगार, ह्याच जातीचा, त्याचा जीव एका पेटीत, आणि पाचव्या आवृत्तीच्या नियमात ती पेटी शाबूत असेल तर तो मेल्यावर एक ते दहा दिवसांत नवीन शरीर घेऊन हजर. त्यामुळे मुरलेले प्लेअर लिचशी लढायच्या आधी पेटी शोधायला निघतात. वोल्डेमॉर्ट हा शंभर टक्के लिच आहे. सॉरॉन नाही, आणि इथेच बहुतेक लोक गफलत करतात.

वोल्डेमॉर्टने आत्म्याचे तुकडे करून वस्तूंत लपवले (अशा वस्तूला हॉरक्रक्स म्हणतात) ते फक्त मरू नये म्हणून. डायरी, गाँट घराण्याची अंगठी, हफलपफचा कप, स्लिदरिनचं लॉकेट, रेव्हनक्लॉचा मुकुट, त्याची सापीण नागिनी, आणि त्याला स्वतःला माहीत नसलेला हॅरी. ह्यातल्या एकाही वस्तूने त्याची ताकद वाढत नाही. उलट इतके तुकडे केल्यावर त्यांच्याशी त्याचं नातंच उरलं नाही, डायरी १९९३ मधे नष्ट झाली तर ह्याला आतून काही कळलं नाही, नंतर त्याचा अनुयायी ल्युशियस ह्याच्याकडून वदवून घ्यावं लागलं. विचार कर, स्वतःचा आत्मा मेला आणि बातमी नोकराकडून कळली!

सॉरॉनने अंगठीत स्वतःची ताकद ओतली ती मरणाच्या भीतीने नाही. बाकीच्या अंगठ्या ज्यांच्या बोटात आहेत त्यांची मनं आपल्या हातात यावीत म्हणून. ती बोटात असेल तर तो आधीपेक्षा मोठा होतो, नसेल तरी तिच्याशी त्याची नाळ जोडलेली राहते, आणि फ्रोडोने मॉर्डोरमधल्या ज्वालामुखीच्या, म्हणजे नियतीच्या डोंगराच्या पोटात ती बोटात घातली त्या क्षणी सॉरॉनला बसल्याजागी कळलं कुठे आहे ती. एकाने वस्तू लपण्यासाठी केली, दुसऱ्याने दुसऱ्यांना बांधायला केली. ह्या दोघांना एका खोलीत बसवलं तर कोण कोणाला बांधणार हे उघड आहे.

आणि खोलीत बसवायचंच. कारण दोघांचं खरं कौशल्य जादू नाहीये, गोड बोलणं आहे. तरुण टॉम रिडल (वोल्डेमॉर्टचं मूळ नाव) बोर्गिन अँड बर्क्स दुकानात नोकरीला होता तेव्हा हेप्झिबा स्मिथ नावाच्या श्रीमंत म्हातारीकडे फुलं घेऊन जायचा, नम्रपणे बसायचा, तिचं कौतुक करायचा. तिने आपण होऊन पेटी उघडून कप आणि लॉकेट दाखवलं. दोन दिवसांत म्हातारी मेली, दोन्ही वस्तू गायब, आणि खुनाचा आळ तिच्या घरातल्या नोकर एल्फवर. आता सॉरॉन बघ, दुसऱ्या युगात तो सुंदर रूप घेऊन एरेजियनच्या एल्फांकडे गेला, नाव सांगितलं अन्नातार, म्हणजे भेटींचा धनी, आणि शेकडो वर्षं तिथे शिकवत बसला. केलेब्रिम्बोरसारख्या कारागिराला अंगठ्या घडवायला लावल्या. गिल-गालाड आणि एल्रॉंडला संशय आला होता, त्यांनी त्याला दारात उभं केलं नाही, जसा टॉमचा संशय शाळेत एकट्या डंबलडोरला होता. इतकी सारखी कामं. पण टॉमने महिन्यांत उरकलं आणि लुटून पळाला, अन्नातारने शतकं घालवली आणि समोरच्याचं आयुष्यभराचं काम आपलं करून घेतलं. मला विचारशील तर चेहरा सापासारखा झालेल्या वोल्डेमॉर्टपेक्षा तो विशीतला टॉम जास्त खतरनाक होता, त्याला अजून हसता येत होतं, थांबता येत होतं. नंतरच्या वोल्डेमॉर्टला कोणापुढे मान झुकवायची तयारी उरली नाही, आणि ज्याला खोटी मान झुकवता येत नाही त्याचं एक मोठं हत्यार गेलेलं असतं.

सॉरॉनकडे ते हत्यार आहे, ह्याचा पुरावा नुमेनोर. राजा अर-फाराझोन इतकं सैन्य घेऊन उतरला की सॉरॉनचे नोकर पळाले. तर सॉरॉन मनोऱ्यातून खाली आला आणि शरण गेला. लढाई नाही काही नाही. ३२६२ साली कैदी म्हणून नुमेनोरला गेला, थोड्याच वर्षांत राजाचा सल्लागार झाला, राजाला मरणाची भीती घातली, अमर व्हायचं असेल तर पश्चिमेच्या देवांवर चाल करून जा म्हणाला, आणि ३३१९ साली अख्खं बेट समुद्राच्या तळाशी. सत्तावन्न वर्षांत! जगातलं सगळ्यात बलाढ्य राज्य त्याने कैदेत बसून बुडवलं, आणि कशाच्या जोरावर, तर एका म्हाताऱ्या होत चाललेल्या राजाला मरायचं नव्हतं म्हणून.

आता सांग, मरायचं नाहीये अशी भीती ज्याच्या रोमारोमात आहे असा दुसरा कोण आपल्या सामन्यात आहे?

माझ्या मते हा सामना इथेच संपतो. सॉरॉनने माणसांना ज्या नऊ अंगठ्या दिल्या त्या कोणाला दिल्या बघ: राजे, योद्धे, जादूगार. मिळालं काय, तर मोठी सत्ता आणि न संपणारं आयुष्य. आणि मग ते हळूहळू दिसेनासे झाले आणि सॉरॉनचे गुलाम, म्हणजे नाझगुल झाले. वोल्डेमॉर्ट हे त्याचं ठरलेलं गिऱ्हाईक आहे. तुझ्या ग्रुपमधला कोणी म्हणेल त्याच्याकडे हॉरक्रक्स आहेत की, त्याला कशाला हवी अंगठी? अरे पण त्याचं कधी पोट भरलंय का? सहा केले तरी एल्डर वाँड ह्या सगळ्यात ताकदवान छडीच्या मागे लागला. शिवाय त्याने तेरा वर्षं शरीराशिवाय काढलीत, अल्बानियाच्या जंगलात साप आणि उंदरांच्या अंगात शिरून. परत उभं राहायला बापाचं हाड, नोकराचा हात आणि शत्रूचं रक्त लागलं. ती भीती गेलेली नाही. त्याला कोणी म्हटलं की हे शरीर पुन्हा कधीच सुटणार नाही, तर तो निदान ऐकून घेईल, आणि सॉरॉनला तेवढं पुरतं.

मनं वाचता येतात ना वोल्डेमॉर्टला, कळेल की त्याला, हा आक्षेप चांगला आहे, येणारच. पण त्याच्या गोटात राहून डंबलडोरसाठी हेरगिरी करणाऱ्या स्नेपचं मन त्याने वर्षानुवर्षं वाचलं आणि त्याला काही सापडलं नाही. आणि तिकडे सारुमान, जो सॉरॉनच्याच जातीचा माइआ, शहाण्यांच्या मंडळाचा प्रमुख, तो पालांतीर ह्या लांबचं दाखवणाऱ्या दगडातून नुसतं लांबून बोलून गळाला लागला. टोल्कीनने एका पत्रात लिहिलंय की सॉरॉन प्रत्यक्ष समोर असेल तर अंगठी त्याच्यापासून राखून ठेवणं त्याच्या तोडीच्या फार थोड्यांनाच जमलं असतं. सारुमान लांबून पडला तर वोल्डेमॉर्ट टेबलापलीकडे बसून किती टिकेल?

आता सगळ्यात रंगणारा भाग, हा सीन तू नक्की बसव. वोल्डेमॉर्टला ती मुख्य अंगठी सापडते. तो ती नष्ट करणार नाही हे तर नक्कीच, आणि करायची म्हटली तरी साध्या आगीचं काम नाही, गँडाल्फ हा जादूगार सांगतो की अंकालागॉन ह्या सगळ्यात मोठ्या ड्रॅगनच्या आगीनेही तिला काही झालं नसतं. वोल्डेमॉर्टला मोठ्या घराण्यांच्या, इतिहास असलेल्या वस्तूंचा सोस आहे, साध्या डब्यात तो आत्मा ठेवत नाही. समोर जगातली सगळ्यात ताकदवान वस्तू. तो तिचा हॉरक्रक्स करायला जाईल. एका बोटभर सोन्यात, जिथे आधीच दुसऱ्या कोणाची इच्छा भरलेली आहे, तिथे हा आपल्या आत्म्याचा तुकडा स्वतःच्या हाताने नेऊन ठेवणार! सॉरॉनला काही करायचीच गरज नाही, पाहुणा घरात आला.

आणि हे मी बळंच जुळवत नाहीये, वोल्डेमॉर्ट मेला तो ह्याच कारणाने. २ मे १९९८ ला त्याच्या हातात एल्डर वाँड होती, डंबलडोरच्या थडग्यातून काढलेली. त्याला वाटलं मालकाला मारलं की छडी आपली, म्हणून स्नेपला मारलं. पण छडीची निष्ठा त्याआधीच ल्युशियसचा पोरगा ड्रेको ह्याच्याकडे आणि त्याच्याकडून हॅरीकडे गेली होती. ती खऱ्या मालकाच्या विरुद्ध चालली नाही, आणि ह्याचाच शाप ह्याच्यावर उलटला. हातात आली ती माझी, एवढंच त्याला कळतं. त्या अंगठीला तर मालक एकच आहे, सॉरॉन.

माणसांबद्दल फार लिहीत नाही, पण टेबलावर उपयोगी पडेल. वोल्डेमॉर्टचे लोक फुटतात. रेग्युलसने लॉकेट चोरलं, स्नेप शेवटपर्यंत दुसऱ्या बाजूला, ड्रेकोची आई नार्सिसा हिने पोराच्या काळजीपोटी तोंडावर खोटं सांगितलं की हॅरी मेला, आणि १९८१ नंतर बऱ्याच लोकांनी आम्ही शापाखाली होतो म्हणून हात वर केले. नाझगुल फुटू शकत नाहीत, त्यांच्यात फुटायला स्वतःचं मनच उरलेलं नाही. ऑर्क आपसात कुरकुरतात, शाग्राट आणि गोरबाग तर युद्ध संपलं की कुठेतरी लांब जाऊन आपलं आपण राहू असं बोलतात, पण संख्या बघ, काळ्या दरवाजापाशी सहा हजारांहून कमी माणसांपुढे दहापटीहून जास्त सैन्य होतं. डेथ ईटर, म्हणजे वोल्डेमॉर्टचे लोक, कितीही जमवले तरी एवढ्यांना पुरे पडणार नाहीत.

वोल्डेमॉर्ट जिंकेल असा एक काळ आहे, तो तुझ्या त्या अर्ध्या ग्रुपला देऊन टाक, भांडण मिटेल. इसिल्डुरने बोट कापल्यानंतर सॉरॉनला परत आकार घ्यायला हजाराहून जास्त वर्षं लागली. वोल्डेमॉर्टला पीटर पेटिग्रूसारखा एक नोकर मिळाला आणि साडेतेरा वर्षांत तो उभा. त्या रिकाम्या हजार वर्षांत वोल्डेमॉर्ट सॉरॉनच्या जगात, मिडल-अर्थमधे, उतरला तर त्याला अडवणारा सॉरॉन तिथे नाहीच, तो राज्य करेल, मोठं राज्य करेल. फक्त नदीच्या तळाशी अंगठी पडून आहे आणि ती वाट बघू शकते.

आता बसवायचं कसं. दोघांना मैदानात उभं करून फासे टाकू नकोस, चार राउंडमधे कंटाळा येईल आणि एका नॅचरल वीसवर (फाशावर सरळ वीस पडला) निकाल लागला तर अर्धा ग्रुप महिनाभर बोलणार नाही. प्लेअर्सना वोल्डेमॉर्टच्या मधल्या फळीतली माणसं कर, मानाची हाव असलेली आणि जिवाला घाबरणारी. पहिल्या सीनला दारात रात्री सॉरॉनचा दूत येऊ दे. हे मूळ कथेत आहे, बटूंचा राजा डाइन ह्याच्याकडे मॉर्डोरचा घोडेस्वार आला होता, मैत्रीच्या मोबदल्यात बटूंच्या जुन्या तीन अंगठ्या परत देऊ म्हणाला, मोरिया हे बटूंचं जुनं राज्य कायमचं तुमचं म्हणाला, आणि मागितलं काय, तर ती मुख्य अंगठी मिळालेल्या बॅगिन्सची खबर आणि एक लहानशी अंगठी, अगदीच क्षुल्लक. दोनदा येऊन गेला होता, तिसऱ्यांदा शेवटचा येईन म्हणाला. हीच रचना उचल. तीन भेटी, दर भेटीला मोठं आमिष, मागणी तेवढीच छोटी. पहिल्या भेटीत दूताने फक्त एका लॉकेटची चौकशी करावी, सहज. त्याला काय निरोप द्यायचा, त्यातलं मालकाला किती सांगायचं, हे प्लेअर्सना ठरवू दे, आणि वोल्डेमॉर्ट कसा वागतो ते त्यांच्या निरोपावरून ठरव, फाशांवरून नाही. कोणीतरी एक प्लेअर नक्की काहीतरी लपवेल. माझ्या टेबलवर दर वेळी कोणी ना कोणी लपवतंच.

सॉरॉनच्या हाती हॉरक्रक्स लागले तर तो ते नष्ट करत नाही, हे लक्षात ठेव. गोष्टीतला राजपुत्र पोपटाची मान मुरगळतो, सॉरॉन पोपट पिंजऱ्यात ठेवेल. नऊ अंगठ्याही त्याने अशाच स्वतःकडे गोळा करून ठेवल्या होत्या. म्हणजे खेळ रंगात येईपर्यंत कप, लॉकेट, मुकुट सगळं बराड-डूरमधे एकाच ठिकाणी, आणि वोल्डेमॉर्ट अजून मोठ्या आवाजात हुकूम सोडतोय पण प्रत्येक हुकमाआधी जरासा थांबतो, कुठेतरी ऐकल्यासारखा. हे थांबणं तू आवाजात दाखव, बाकी काही सांगू नकोस, प्लेअर्सच्या लक्षात येतं.

आणि त्यांना जिंकायची एक वाट ठेव, नाहीतर हे नुसतं बघणं होईल. अंगठी ज्वालामुखीत पडली की बराड-डूर पायासकट कोसळतो, कारण तो पाया तिच्याच ताकदीवर उभा आहे. पण मनोरा अंगावर पडला म्हणून हॉरक्रक्स मरत नाही, त्याला बॅसिलिस्कचं विष, शापित आग असं काहीतरी लागतं. म्हणजे कोणालातरी आधी आत शिरून त्या वस्तू बाहेर काढाव्या लागतील आणि अंगठीबरोबर डोंगरापर्यंत वागवाव्या लागतील, गळ्यात लॉकेट आणि खिशात अंगठी घेऊन, आणि दोन्ही वस्तू वागवणाऱ्याचं मन कुरतडतात हे दोन्ही पुस्तकांत आहे. त्या प्रवासाला तासभर तरी राखून ठेव. दर मुक्कामाला विचार कोणाकडे काय आहे, आणि जो प्लेअर म्हणेल राहू दे माझ्याकडेच, त्याचं नाव लिहून घे.